आत की बाहेर? एका सतरंजीचा मुक्काम

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे. तेलुगू मुलखातल्या इचोड्याच्या अमृतराव किराणावाल्यांच्या घराची सगळी प्रतिष्ठा माझ्यावर उभी आहे. उभी म्हणजे, बसलेली. आज तीही बसलेली नाही, कारण माझ्यावर मुगाच्या वड्या वाळत घातल्या आहेत आणि कावळे हाकलायला कोणी नाही. तेव्हा मी बोलते, तुम्ही ऐका. कावळा आलाच तर तुम्हीच हाकला.

माझा जन्म वरंगलकडच्या एका हातमागावर झाला. माझ्या शेजारच्या मागावरच्या बहिणींच्या अंगावर मोर होते, कमळं होती. माझ्या वाट्याला लाल पट्टा, निळा पट्टा, परत लाल पट्टा. त्या बहिणी भिंतीवर टांगायला शहरात गेल्या. मी बसायला इचोड्याला आले. सुरुवातीला वाईट वाटलं. पण भिंतीवरच्या सतरंजीला लोक एकदा पाहतात आणि विसरतात. माझ्यावर मात्र सगळ्या गल्लीची बारशी झाली, साखरपुडे झाले, भांडणं झाली आणि तीच भांडणं मिटवायच्या बैठकाही झाल्या. कोणाकडे कार्य निघालं की पहिला निरोप माझ्यासाठी यायचा. कधीकधी मला घेऊन जात आणि अमृतरावांना बोलवायचं विसरत.

मग प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. एकावर एक चढून बसणाऱ्या, जरा वारा सुटला की लोळणाऱ्या. त्यांच्यापेक्षा माझ्यात काय कमी होतं, हे मला अजून समजलेलं नाही. मी कपाटावर गेले आणि माझ्या घडीत एका पालीने संसार मांडला.

तरी वर्षातून एकदा मला खाली काढत. केसलापूरच्या जत्रेला. तिथे झाडाची सावली पाहून मला अंथरायचे, माझ्यावर पिशव्या, डबे, पाण्याची कॅन ठेवायचे आणि या सगळ्याच्या मधोमध अमृतरावांच्या पत्नी कौशल्याबाईंना बसवायचे.

"तू बस, सामान पाह्य," अमृतराव म्हणायचे. लगेच सगळे निघायचे. कोणी मिठाईकडे, कोणी बांगड्यांकडे, पोरं आकाशपाळण्याकडे. कौशल्याबाई सामान पाहायच्या आणि सामानावरून मान उंच करून पाळणा पाहायच्या. पाळणा वर जायचा तेव्हा त्यांची हनुवटी वर जायची, खाली यायचा तेव्हा खाली. मला हे माहीत आहे, कारण सतरंजीचं तोंड नेहमी वरच असतं. एका वर्षी त्यांनी विचारलंही, "मी बसू का एकदा पाळण्यात?" अमृतरावांनी प्रश्नाचा नीट विचार केला आणि म्हणाले, "मंग सामान?" या प्रश्नाला आमच्या घरात उत्तर नव्हतं. पाहता पाहता कौशल्याबाईंचे केस पांढरे झाले आणि गुडघे दुखायला लागले.

या उन्हाळ्यात नात मीनल पाचवी पास झाली आणि हैदराबादजवळच्या एका मोठ्या थीम पार्कला जायचं ठरलं. तिथे पाण्याचे धबधबे आहेत, भुतांचा बंगला आहे, आणि तिथला आकाशपाळणा म्हणे एवढा मोठा की त्यात घरासारख्या बंद खोल्या आहेत. पाळण्याचा फोटो मीनलने मोबाइलवर आजीला दाखवला. कौशल्याबाईंनी मोबाइल परत दिला नाही. बराच वेळ पाहत बसल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "यात मले बसाचं हाये."

त्या दिवशी लाइट गेली होती, म्हणून मला कपाटावरून काढून सगळे अंगणात माझ्यावर बसले होते. अशा मोठ्या चर्चा माझ्याशिवाय होत नाहीत, हे खुर्च्यांनी ध्यानात घ्यावं. प्रश्न असा होता की मुक्काम कुठे करायचा. पार्कच्या आत त्यांचं स्वतःचं हॉटेल होतं. शिवाय पार्कच्या ओळखीतला एक लॉज बाहेर होता. खोली कुठलीही हवी असली तरी फोन पार्कलाच करायचा.

"बाहेर," अमृतराव म्हणाले. "आत राह्यलं का त्याहीच्या घड्याळानं उठा, त्याहीच्या हातचं खा. सकाळी सकाळी पाव देतेत. बाहेर माणूस मोकळा राह्यते."

"मोकळेपणा तुमचा मामाजी, गुडघे आईचे," सूनबाई म्हणाल्या. त्यांचं नाव सुनयना. माहेर बाजारहत्नूरचं, शाळा तेलुगू माध्यमाची, आणि बोलणं असं की समोरचा हरला तरी त्याला राग येऊ नये. "पाळणा संध्याकाळी सुरू होते. आईला दिवसभर उभं राहणं जमणार नाही. दुपारी आडवं व्हायला पाह्यजे. अन् मीनलनं वाचलं, एकदा फाटकाबाहेर गेलं का त्या तिकिटावर परत आत घेत नाहीत. म्हणजे खोली बाहेर असली तर दुपारी आई गेल्या का गेल्याच. पाळणा राह्यला."

आता मुलगा संतोष. तो नेहमी शेवटी बोललेल्या माणसाशी सहमत असतो. त्याने मान हलवली.

"आत," अमृतरावांनी निकाल दिला. हरलेल्या माणसाने निकाल स्वतःच जाहीर केला की हरल्यासारखं वाटत नाही. "अन् फोन मीच करतो. हे मोठं काम हाये."

हे मोठं काम त्यांनी नेमकं सुनयनाबाई माहेरी गेल्या त्या दिवशी केलं. मी दुकानाच्या पायरीशी उन्हात पडले होते, म्हणून सगळं ऐकलं. मित्रांनो, अमृतरावांची तेलुगू दुकानापुरती पक्की आहे. किलो, पाव किलो, उद्या या, माल नाही, आणि नको म्हणायला वद्दु. आत आणि बाहेर हे शब्द त्यांना कधी लागलेच नाहीत, कारण दुकानदार आत असतो आणि गिऱ्हाईक बाहेर, हे दिसतंच. त्यात समोरून नागपूरचे ट्रक धडधडत चाललेले, धड ऐकू येईना.

पलीकडची मुलगी तेलुगूत म्हणाली, "रूम लोनना, बयटना?"

अमृतराव एकदम ताठ झाले. "लोन?" त्यांच्या कपाळाची शीर उठली. "लोन वद्दु अम्मा! लोन अजिबात वद्दु! बयाना. आगाऊ बयाना देतो."

"बयटना?"

"हो. बयाना."

फोन ठेवून त्यांनी मोठ्या समाधानाने कौशल्याबाईंना हाक मारली. "ऐकलं का? मले म्हणे खोलीसाठी लोन घेता का बयाना देता. म्यां सांगून देलं, आमच्या घरात लोन चालत नाई. बयाना भरून देतो म्हणलं."

"लई चांगलं केलं जी," कौशल्याबाई म्हणाल्या. आणि फोटोतला पाळणा आठवून हसल्या.

निघताना माझ्यावरून थोडा वाद झाला. सुनयनाबाई म्हणाल्या, "आई, तिथं गाद्या असतेत. सतरंजी काऊन?" कौशल्याबाईंनी माझी गुंडाळी केली, दोरी आवळली आणि म्हणाल्या, "असू दे. गाद्या त्याहीच्या, सतरंजी आपली." इतक्या वर्षांत माझ्याबद्दल कोणी इतकं चांगलं बोललं नव्हतं. पालीला मात्र पुन्हा घर सोडावं लागलं.

पार्कच्या फाटकावर काचेची खिडकी होती. आतल्या तरुणाने यंत्रात पाहिलं आणि हिंदीत म्हणाला, "सर, आपने तो बाहर का रूम बोला है।"

"म्यां?" अमृतराव म्हणाले. "अरे बाबा, हम लोन को नहीं बोले थे!"

"वही तो सर। आपने बोला, लोन वद्दु।"

सुनयनाबाईंनी डोळे मिटले. थोड्या वेळाने उघडले. "मामाजी," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "तेलुगूत लोन म्हणजे आत. बयट म्हणजे बाहेर. तिनं विचारलं, खोली आत पाह्यजे का बाहेर. तुमी सांगलं, आत अजिबात नाई."

तरुणाने पुन्हा यंत्रात पाहिलं. आतल्या खोल्या भरलेल्या होत्या. लॉज रस्त्याच्या पलीकडेच होता, पण दुपारी तिथे आडवं व्हायला गेलं की पाळणा संपला. हे आता सगळ्यांना कळलं, संतोषलासुद्धा. अमृतराव आपल्या चपलांकडे पाहत राहिले.

"आता काऊन तोंड पाडून राह्यले?" कौशल्याबाईच बोलल्या. "चला आत. दुपारचं दुपारी पाहू." आणि त्यांनी मला काखेत मारलं.

फाटकावर मनाई केलेल्या वस्तूंचा फलक होता. चाकू होता, काडेपेटी होती, कुत्रा होता, घरचं जेवण होतं. सतरंजी नव्हती. हा माझा मान की अपमान, हे मी अजून ठरवते आहे. रखवालदाराने मला दाबून पाहिलं, काही सापडलं नाही, सोडून दिलं.

दुपार झाली. मीनल पाण्यात, संतोष मीनलच्या मागे. कौशल्याबाईंच्या गुडघ्यांनी आता पुढे नाही म्हणून सांगितलं. सुनयनाबाई त्यांना घेऊन एका सिमेंटच्या डोंगरामागे आल्या. तिथे खराखुरा कडुलिंब होता. पार्कवाल्यांच्या तो लक्षात आला नसावा, नाहीतर त्याच्या जागी खोटा लावला असता. कौशल्याबाईंनी माझी दोरी सोडली, मला झटकलं, अंथरलं, आणि पिशवी उशाला घेऊन आडव्या झाल्या.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. ज्या आतल्या खोलीसाठी एवढं घर भांडलं, ती खोली मीच होते. फरक इतकाच की मला भिंती नव्हत्या आणि सकाळी पाव मिळत नव्हता.

एक गार्ड आला. "अम्मा, यहाँ सोना मना है।"

"झोपत नाई बापू," कौशल्याबाई डोळे मिटूनच म्हणाल्या. "सामान पाह्यून राह्यली."

या उत्तरामागे सगळ्या हयातीचा अनुभव होता. गार्डला ते जाणवलं असावं. तो गेला, आणि थोड्या वेळाने स्वतःचा डबा माझ्या कोपऱ्यावर ठेवून म्हणाला, "अम्मा, ये भी देखना।" मग निर्मल गावची एक म्हातारी येऊन टेकली, मग एक अवघडलेली सून, मग कोणाचे तरी जोडे. मी सर्वांना घेतलं. एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एवढी माणसं बसवून दाखवा.

संध्याकाळी पाळण्याचे दिवे लागले. तो खरोखर मोठा होता. कौशल्याबाई झोपून ताज्या झाल्या होत्या. मला त्यांनी पाळण्याजवळच्या हिरवळीवर आणून अंथरलं, सगळे जमले, पिशव्या रचल्या. आणि मित्रांनो, इथे घात झाला. कौशल्याबाई सवयीने पिशव्यांच्या मधोमध बसल्या. "जा तुमी," म्हणाल्या. "मी सामान पाह्यतो."

"आजी!" मीनल ओरडली.

"आई, उठा," सुनयनाबाई म्हणाल्या.

"अन् सामान?"

फाटकापासून गप्प असलेले अमृतराव पुढे आले. त्यांनी चपला काढल्या, माझ्यावर मांडी घातली आणि पाण्याची कॅन मांडीजवळ ओढली. "मी हाओ ना," म्हणाले. "जाय तू."

"तुमाले सामान पाह्यता येते का? तिकडं दुकानात डोळ्यासमोरून उंदीर पोती कुरतडून जातेत."

"इथं उंदीर नाईत. जाय."

कौशल्याबाई उठल्या. मी त्यांना खूपदा उठताना पाहिलं आहे, पण ते चूल पेटवायला, पाहुण्यांना पाणी द्यायला. असं उठताना पाहिलं नव्हतं. मीनलचा हात धरून, संतोष आणि सुनयनाबाईंना मागे घेऊन त्या रांगेत गेल्या, एका काचेच्या खोलीत शिरल्या, आणि खोली वर गेली.

खाली अमृतराव ताठ बसले होते. एक हात कॅनवर, एक पिशवीवर. जाणाऱ्या-येणाऱ्याकडे संशयाने पाहत होते. लवकरच त्यांचे पाय आखडले, मग पाठ भरून आली, मग तहान लागली. पण कॅन उघडायची तर पिशवीवरचा हात सुटतो. शेवटी त्यांनी मान उंच करून पाळण्याकडे पाहिलं. तो वर गेला तशी त्यांची हनुवटी वर गेली. "ही बाई एवढे वर्षं कशी बसली असंल वं," ते पुटपुटले. माझ्याशिवाय ऐकायला कोणी नव्हतं. उत्तर मला माहीत होतं, पण मला विचारलं नव्हतं.

कौशल्याबाई परत आल्या तेव्हा चेहरा असा होता की मीनलच आजी वाटत होती.

"काय दिसलं?" अमृतरावांनी विचारलं.

"सगळं." त्या बसल्या नाहीत. "मी अजून एकदा जाऊन येतो."

"अन् गुडघे?"

"गुडघे थोडीच फिरून राह्यले जी, पाळणा फिरून राह्यला."

आणि गेल्या. अमृतरावांनी कॅन परत जवळ ओढली.

मित्रांनो, मी बरेच थोर लोक अंगावर घेतले. सरपंच बसले, एक तहसीलदार बसले, एकदा तर एका मंत्र्यांचे मेहुणे बसले होते. पण माझ्यावरून उठून मोठं झालेलं माणूस मी एकच पाहिलं. म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे. सतरंजीला अधूनमधून ऊन दाखवा, ओली गुंडाळू नका, पाल दिसली तर प्रेमाने हाकला. आणि तुमच्या घरात जे माणूस नेहमी सामान पाहतं, त्याला उठवून तिथे जरा तुम्ही बसा. पाय आखडतात, पण मरत कोणी नाही.

राहता राहिलं ते आतलं हॉटेल. कौशल्याबाईंना ते पाळण्याच्या टोकावरून दिसलं. पार्कच्या दुसऱ्या टोकाला आहे. पाळण्यापासून ते आमच्या लॉजपेक्षा लांब पडतं.