चार खाचांची पट्टी

"अहो, हे काय आहे?" पलंगावर उशीला टेकून बसलेल्या बाईंनी बाटली उजेडात धरली.

"स्मूदी. कालचीच," त्यांचे यजमान, निवृत्त कंपाउंडर, म्हणाले. "लेकीनं फोनवर सांगितली तशीच केलीय. केळं, सफरचंद, दही, भिजवलेला खजूर. साखरेचा कण नाही."

"काल बरी होती. आज काळी ठिक्कर पडलीय!"

बाटलीला कागदाची पट्टी चिकटवलेली होती, कडेला खाचा कापलेली. दवाखान्यात एकोणचाळीस वर्षं कंपाउंडरांनी औषधाच्या बाटल्यांसाठी अशाच पट्ट्या कापल्या होत्या. एक खाच, एक डोस. रोग्याला तीन दिवसांचं औषध एकदम द्यायचं, ही तिथली रीत. म्हणून त्यांनी फळंही तीन दिवसांची एकदम मिक्सरमधून फिरवली आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'हलवून घ्यावे'.

"इतक्या लोकांना औषधं पाजलीत आणि कापलेलं केळं काळं पडतं, हे ठाऊक नाही?"

"आमची औषधं नासत नसत."

"फळाला तुमचा डोस कळतो होय!" म्हणत बाई हसल्या. चांगल्या खोकला येईपर्यंत हसल्या.

महिनाभराच्या तापानं बाईंची अन्नावरची वासना उडाली होती. घास तोंडात फिरे, खाली उतरत नसे. शनिवारपर्यंत वजन किलोभर वाढलं नाही तर पुन्हा भरती करू आणि नाकातून नळी घालू, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं. नळीच्या नावानं बाई भिंतीकडे तोंड करून पडत. आज त्या हसल्या होत्या.

"चला, मी येते," म्हणत त्या भिंतीला धरून स्वयंपाकघरात आल्या आणि स्टुलावर बसल्या. "सफरचंद राहू द्या, पपई घ्या. आधी खजूर बारीक होऊ दे. दही शेवटी. आणि अहो, झाकण दाबून–"

उशीर झाला होता. कंपाउंडरांच्या चष्म्यावर पपई उडाली.

"पुसू नका घाईनं, काचेला चरे पडतील," बाई म्हणाल्या आणि पेल्याला नाक लावलं. "वास बरा आहे."

त्या दिवसापासून रोज सकाळी ताजी स्मूदी होऊ लागली. पट्टी आता पेल्यावर आली, चार खाचांची. पहिल्या दिवशी बाई एका खाचेवर थांबल्या. मग दोन. गुरुवारी तीन, शुक्रवारी पेला रिकामा.

शनिवारी डॉक्टरीणबाईंच्या काट्यावर वाढ नऊशे ग्रॅमवर अडली. कंपाउंडरांनी खिशातून तारखा घातलेल्या पट्ट्या काढून टेबलावर मांडल्या. बाई कुठवर प्यायल्या, तिथे पेन्सिलीची रेघ. डॉक्टरीणबाईंनी त्या एकेक करून पाहिल्या.

"नळी नको," त्या म्हणाल्या. "ह्यांचाच डोस चालू ठेवा."

रविवारी सकाळी बाई तिसऱ्या खाचेवर थांबल्या आणि पेला खाली ठेवला. कंपाउंडर पेल्यावर वाकले.

"काय गं? नको वाटतंय?"

"चौथी तुमची आहे. जन्मभर दुसऱ्यांना पाजलंत, स्वतः कधी चव बघितलीत?"

"मी नंतर–"

"नंतर काळी पडेल. बसा आधी. उभ्यानं नका पिऊ."

ते स्टूल ओढून बसले. पेला तोंडाला लावण्याआधी, सवयीनं, त्यांनी तो नीट हलवून घेतला.