वाकडं नाक

त्या रविवारी कुरुळीच्या खानावळीतली दुपारची गर्दी ओसरली, तशी सोजरबाई पदराला हात पुसत लेकीशेजारी येऊन बसली. आम्रपाली मारुंजीला भाड्यानं राहायची आणि एका कंपनीत वेबसाइट, अ‍ॅप यांची डिझाइनं करायची. आता आईच्या डब्यांचं अ‍ॅप निघणार होतं. धंद्याचं बघायला थोरला भाऊ समाधान होता. रूप तेवढं आम्रपालीनं द्यायचं, असं ठरलं होतं.

तिनं लॅपटॉप आईपुढं सरकवला. स्क्रीनभर खानावळीच्या भिंतीचाच निळा रंग. मधोमध मोजक्या रेघांत आई, दोरा बांधलेला चष्मा, मोकळं कपाळ. मागं भिंतीवरची तसबीर, नुसती चौकट. आपल्या माणसाला ती कोणाची हे सांगावं लागलं नसतं. डब्याच्या पिशवीपासून मोबाइलवरच्या इवल्याशा चिन्हापर्यंत हेच चित्र जाणार होतं.

"नाक लई सरळ काढलंस," आई म्हणाली. "माझं असं हाय व्हय?"

आम्रपालीनं तिथल्या तिथं नाक जरा वाकडं केलं. मोबाइलवर तसबीर दिसंल का, असं आईनं विचारलं, आणि अंधुक दिसेल म्हटल्यावर ती मोठी करून घेतली.

"आन् नाव पुरं घाल. कांबळेसकट. खाणाऱ्याला कळू दे, कुणाच्या हातचं खातोय."

खानावळीच्या पाटीवरही तिनं पहिल्यापासून पुरं नाव लिहून घेतलं होतं. पाटी वाचून मागं फिरलेली माणसं तिनं पाहिली होती, आणि वर्षभरानं तीच माणसं ओव्हरटाइम संपवून तिच्याकडं भाकरी मागायला आलेलीही. पण हे बोलताना आई लेकीकडं बघत नव्हती. समोर जेवायला बसलेल्या समाधानकडं बघत होती.

त्यानं मान वर न करता भाकरी मोडली. "झकास झालंय, आमू. हेच लावू."

दुसऱ्या दिवशी सकाळी पीठ मळता मळता आई खाली बसली, ती उठलीच नाही.

अ‍ॅप ठरल्या दिवशीच निघालं. आईची तीच इच्छा होती, असं समाधान सगळ्यांना सांगत होता. आम्रपालीनं ते कंपनीच्या बसमध्ये उघडलं. हळदीसारखा पिवळा रंग, वर पैठणीचा काठ. मधल्या बाईच्या कपाळावर ठसठशीत कुंकू, नाकात नथ, मागं तुळशीवृंदावन. नाव होतं 'आईसाहेबांचा डबा', आणि खाली 'घराण्याची चव'. डोळ्यांच्या, हनुवटीच्या रेघा मात्र आम्रपालीनंच काढलेल्या. तिनं चित्र बोटांनी मोठं केलं.

नाक सरळ होतं.

म्हणजे हे त्या रविवारच्या कितीतरी आधी तिनं दादाला पाठवलेल्या कच्च्या चित्रावरून केलेलं होतं. तो समोर बसून झकास म्हणाला, तेव्हा हे तयार होतं.

संध्याकाळी ती रावेतला त्याच्या फ्लॅटवर गेली. दारावरच्या पाटीवर नुसतं 'समाधान' होतं. ती पाटी लागली त्या दिवशीही तिला काही म्हणायचं होतं, पण म्हटलं नव्हतं. तो शांतपणे समजावत राहिला. इथल्या सोसायट्यांमधले लोक आधी आडनाव वाचतात, मग भाजी कुठली ते बघतात. आपण जेवण विकतो, आडनाव नाही. तिनं मनाला लावून घेऊ नये.

"आणि आईला दाखवलं होतं मी," तो म्हणाला. "ती जायच्या महिनाभर आधीच."

"काय म्हणाली?"

"हसली. म्हणाली, बाई झ्याक हाय रं, पर कोण म्हणायची ही?" सांगतानाही त्याला हसू आलं. "तुला माहितीये ना तिची थट्टा."

आम्रपाली पायऱ्या उतरली तेव्हा तिला तो रविवार आठवत होता, आईनं मोठी करून घेतलेली तसबीर आणि तिची ती नजर. आई सगळं ठाऊक असूनही तिथं बसली होती. समाधान आता बोलेल, मग बोलेल, म्हणून वाट बघत.

आईच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम खानावळीतच झाला. टेबलं बाजूला सारून सतरंज्या टाकल्या होत्या. पहिल्या शिफ्टची माणसं गणवेशातच आली होती. वंदना झाली, दोघंचौघं बोलले. समाधान तर सुरेख बोलला. आई आता घराघरात पोहोचली, असं म्हणताना त्याचा आवाज खरोखर भरून आला. दाराशी त्यानं अ‍ॅपचा पिवळा फलक उभा केला होता, आणि आत येणाऱ्या एकदोघांनी नथीतल्या बाईला हात जोडले होते.

मग बौद्धाचार्यांनी लेकीला दोन शब्द बोलायला सांगितलं. आम्रपाली उभी राहिली. पाठीशी निळी भिंत होती.

"माझी आई सोजरबाई भीमराज कांबळे," ती म्हणाली आणि थांबली. मग भावाकडं वळून, आवाज न चढवता म्हणाली, "दादा, तुला आईची लाज वाटत होती. आणि ते तिला कळलं होतं."