झाकणावरची रेघ

"नवा तांदूळ लगेच शिजवू नको गो, लगदा होतो त्याचा. डब्यात भर नि होळीपर्यंत इसरून जा."

हौसाने हे सांगितलं तेव्हा समीक्षा नुसती हसली. दिवाळी नुकती सरली होती. हौसा चार दिवस वैशाखऱ्याला भावाकडे राहून आली होती. येताना दहा किलो तांदळाचं गाठोडं घेऊन, मुरबाडला आणि शहापूरला एसट्या बदलत, ती वाशिंदच्या चाळीत थेट समीक्षाच्या दारात उतरली होती. आणि नेमकं त्याच दिवशी समीक्षाच्या पर्समध्ये पगारवाढीचं पत्र होतं. अशा दिवशी जुना तांदूळ कोण शिजवतं?

"होळीपर्यंत कोण थांबतंय, मावशी? पगार वाढलाय माझा. महिन्याला सहा हजारांनी!"

"वाढला?" हौसाने तिच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले, कपाळ, गाल, हनुवटी असे सावकाश, आणि आपल्या कानशिलावर बोटं मोडली. "मंग त्यो पन नवा तांदूळच. त्याला पन डब्यात ठेव."

समीक्षाने भात लावला. व्हायचा तो लगदा झाला. तिचा नवरा दिपेश कल्याणच्या मोबाईलच्या दुकानातून दमून आला होता. ताटात बोट घालून तो म्हणाला, "हा भात आहे की खळ? उद्या दुकानात नेऊ का हा? पोस्टरं चिकटवायला?" तीन वर्षांच्या निशिगंधाने त्याचा लाडू वळला आणि तो चावत घरभर हिंडली. सगळे हसले आणि विषय तिथेच राहिला.

समीक्षा वाशिंदच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. काचेच्या उभ्या नळीतून थेंब थेंब सोडायचा, खालच्या चंबूतलं पाणी फिकट गुलाबी झालं की त्याच क्षणी थांबायचं. एक थेंब जास्त पडला की पुन्हा पहिल्यापासून. चार वर्षं ती असे थेंब राखत आली होती. घरीही तिचं तेच. दाराची कडी दोनदा, गॅस तीनदा. निशी शिंकली तरी हिचा हात थर्मामीटरकडे जायचा. हिच्या नजरेतून काही सुटत नाही, असं चाळीत म्हणत. तिलाही तसंच वाटे.

हौसा दोन खोल्या सोडून राहायची. साठीच्या आसपासची, एकटी. निशी सहा महिन्यांची असल्यापासून समीक्षा कामावर गेली की पोर तिच्याकडे. महिन्याचे तीन हजार ठरले होते. अडीच वर्षांत हौसाने वाढवून मागितले नाहीत, आणि समीक्षाला सुचलं नाही.

पत्र मिळाल्यापासून समीक्षाला दिवसाउजेडी स्वप्नं पडू लागली. चंबूतलं पाणी गुलाबी होत यायचं आणि त्यात तिला चौथ्या मजल्यावरची एक बाल्कनी दिसायची. बाल्कनीत तुळस, दोरीवर निशीचे फ्रॉक, आणि लांबवर माहुलीचे सुळके, जसे काही तिच्याच खिडकीसाठी आणून उभे केलेले. रिक्षात बसली तरी ती बाल्कनीत असायची. भाजी घेतानाही ती चौथ्या मजल्यावरूनच मेथीची जुडी उचलायची.

एका रविवारी ते सगळे, हौसासकट, स्टेशनपलीकडे नवी इमारत बघायला गेले. इमारत अजून जमिनीतून गुडघाभरच वर आली होती, पण सॅम्पल फ्लॅट तयार होता. पत्र्याच्या शेडमध्ये पाऊल टाकलं की वाशिंद संपायचं. आत गारेगार हवा. पलंग निजायला थोडे आखूड, टेबलावर कधीच न नासणारी सफरचंदं, नळ चकचकीत पण कोरडे. खिडकीला पातळ पडदा, पडद्यामागे काच आणि काचेमागे आतून दिवे लावलेलं डोंगराचं भलंमोठं चित्र. डोंगरावर बर्फ. शहापूर तालुक्यात बर्फ! पण समीक्षाला त्या घटकेला तोही खरा वाटला.

हौसा त्या खिडकीपाशी गेली आणि काचेवर तळवा टेकून उभी राहिली. "केवढं लख्ख उजाडलंय गो भायेर! हितं धुकं नाय."

"मावशी, ते चित्र आहे!"

"अस्सं?" हौसाही हसली, पण जरा उशिरा. "चाळीत हल्ली सकाळ-सांज धुकं असतं बघ. वैशाखऱ्यासारखं. माझ्याच गाठोड्यातनं आलं वाटतं."

समीक्षाला ते बोलणं फार आवडलं. माणसाला गाव आठवतं ते असं, तिला वाटलं. आठवडाभर ते वाक्य तिने मनात जपून ठेवलं. त्याचा अर्थ मात्र तिने विचारला नाही.

दिपेश म्हणाला, "अगं, वाढलेला पगार एकदा खात्यात तर पडू दे." ती म्हणाली, "पत्र आहे ना." एकवीस हजारांचं टोकन त्याच टेबलावर भरलं, त्या सफरचंदांशेजारी. पुढची मोठी रक्कम दोन महिन्यांत द्यायची होती.

महिनाअखेरीला पगार आला. पत्रातले सहा हजार खात्यात साडेचारच झाले होते. पी.एफ. जास्त कापला गेला होता आणि आधी वेगळा मिळणारा भत्ता त्या वाढीतच मुरला होता. बाल्कनी जरा लांब गेली. ती जवळ आणायला समीक्षाने ओव्हरटाइम घेतला. साडेसहाला येणारी ती आता आठला येऊ लागली. निशी अंधार पडल्यावरही हौसाकडेच.

डिसेंबरात निशीला ताप आला. दोन दिवसांत उतरला, पण अंगात कसर होती. तिसऱ्या दिवशी सकाळी समीक्षाने औषधाची बाटली हौसाच्या हातात दिली. "चार वाजता, मावशी. झाकणावर मधे रेघ आहे, तिथपर्यंतच. जास्त अजिबात नको."

"बरं."

"रेघेपर्यंत हं."

"बरं म्हनलं ना गो. जा तू, टाइम होईल."

त्या दुपारी कारखान्यातली वीज गेली आणि साडेतीनला सगळ्यांना सोडलं. समीक्षा जवळजवळ तरंगतच घरी निघाली. इतक्या उन्हात चाळ तिने कित्येक महिन्यांत बघितली नव्हती. हौसाचं दार उघडं होतं. ती दारात थांबली, निशीला चकित करायचं म्हणून, काही न बोलता.

हौसा दाराकडे तोंड करून जमिनीवर बसली होती. चार पावलांवर, भर उजेडात समीक्षा उभी होती. हौसाने मान वर केली. तिची नजर समीक्षावरून अशी गेली, जशी भिंतीवरून जाते. मग ती पुन्हा बाटलीकडे वळली. बाटली तिने बोटांनी चाचपून वाकवली. निशीने झाकण दोन्ही हातांत, अगदी डोळ्यांशी धरलं होतं. जिभेचं टोक बाहेर.

"आली का गो रेघ?"

"नाय... नाय... थोडं... थांब आजी! आली!"

"नक्की?"

"आली ना! आता निशी पिणार."

औषध बरोब्बर रेघेवर थांबलं होतं. चार वर्षांत समीक्षाने इतका नेमका थेंब थांबवला नसेल. तिने चौकट धरली.

"कोन हाय?" हौसा म्हणाली.

"आई आली!" निशी ओरडली.

समीक्षा आत आली आणि तिने हौसासमोर बोटं उभी केली. "मावशी, किती बोटं?"

हौसाने डोळे बारीक केले. "दोन."

"चार सांग, आजी," निशी कुजबुजली.

चारच होती.

"कधीपासून?"

"गणपतीपासनं. आधी ह्यो डोळा, मंग ह्यो."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"धुकं पडतंय म्हनून सांगितलं ना गो. दोनदा सांगितलं." मग हौसा खाली बघत म्हणाली, "सरळ कशी सांगू? काढलंच असतंस मला."

"आणि हिला काही झालं असतं तर?" समीक्षाचा आवाज फुटला. तिने निशीला उचललं आणि घरी गेली. जाताना निशी हात लांब करून रडत होती.

दोन दिवस समीक्षाने रजा टाकली. दिपेश म्हणाला, "पाळणाघर बघू." बघितलं. ते पाच वाजता बंद व्हायचं आणि महिन्याला पाच हजार घ्यायचं. वाढलेला पगार पुढच्या दाराने यायचा आणि मागच्या दाराने जायचा, वर पाचनंतर पोर कुणाकडे हा प्रश्न उरायचाच. निशी जेवेना. पुन्हापुन्हा एकच विचारायची, "आजीला रेघ कोण सांगणार?"

दुसऱ्या दिवशी दुपारी निशी झोपल्यावर समीक्षा तांदळाचा डबा उघडून बसली. हौसाने आणलेल्यातला जवळजवळ सगळा तसाच होता. तिने त्यात हात घातला. गार, किंचित ओलसर दाणे. बोटं आत फिरवता फिरवता तिला ती चौथ्या मजल्यावरची बाल्कनी दिसली. पण या वेळी खालचे मजलेही दिसले. बाल्कनी उभी होती पगारवाढीवर, पगारवाढ नोकरीवर आणि नोकरी एका म्हातारीच्या मांडीवर. ती मांडी घालून बसलेली, दोन्ही डोळ्यांत धुकं घेऊन, तीन हजारांत. दाराची कडी दोनदा बघणाऱ्या समीक्षाने तिच्या डोळ्यांत एकदाही बघितलं नव्हतं. चेहऱ्यावरून फिरलेले ते सावकाश हात तिला आठवले. कौतुक होतंच त्यात. पण हौसा त्या हातांनी तिला बघतही होती.

ती उठली आणि दोन खोल्या ओलांडून गेली.

"मावशी, उद्या सकाळी दवाखान्यात जायचंय."

"पैसं कुठनं आनू?"

"चला तुम्ही."

"आनि मंग काढशील?"

"काढलं तर निशी मला घरातून काढेल."

हौसा हसली, आणि मग तिने पदर तोंडावर घेतला.

सरकारी दवाखान्यात मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. एक आता करू, दुसरा महिन्याभराने, डॉक्टर म्हणाले. ऑपरेशनला पैसे पडणार नव्हते. पैसे लागणार होते ते पुढच्या विश्रांतीला. घरी बसल्या महिन्यांचा हौसाचा पगार, रिक्षा, डोळ्यात घालायचे थेंब, काळा चष्मा. आणि तिच्या जागी निशीला बघायला वैशाखऱ्याहून बोलावलेली तिची भावजय पारू, तिचाही पगार. समीक्षाने हिशोब केला तर महिन्याला जवळजवळ साडेचार हजारच येत होते.

मग ती टोकन परत मागायला स्टेशनपलीकडे गेली. खिडकीत दिवे लागलेले होते, डोंगरावर बर्फ तसाच होता. "मॅडम, टोकन परत मिळत नाही," टेबलावरची मुलगी गोड आवाजात म्हणाली. समीक्षाने तीन खेपा घातल्या. अकरा हजार परत मिळाले, दहा बुडाले.

"महागात पडला लगदा," दिपेश म्हणाला. ती त्याच्यावर चिडणार होती, पण हसूच आलं.

जानेवारीच्या शेवटी पहिल्या डोळ्याची पट्टी निघाली. हौसाने आधी निशीला बघितलं, मग समीक्षाला. बघतच राहिली.

"तू एवढी वाळलीस कधी गो?"

ओव्हरटाइम समीक्षाने त्याच आठवड्यात सोडला. हौसाचा दुसरा डोळा झाला आणि पारू परत गेली की वाढीतले दोन हजार पोस्टात आरडीला जायचे आहेत आणि एक हजार हौसाच्या पगारात. यापुढे समीक्षाचा वाढला की हौसाचाही वाढेल, असं तिने दिपेशसमोर बोलून टाकलं आहे, म्हणजे मागे फिरता येऊ नये. बाल्कनी तिला अजून दिसते. ती आता घाई करत नाही. तांदळाचा डबाही बंद आहे, होळीला अजून अवकाश आहे.

काळजी आहे ती वेगळीच. पट्टी निघाल्यावर हौसा ऐकेना. "खरं धुकं कसं दिसतं ते बगून येते, मंग दुसरा डोळा," म्हणाली आणि धाकट्या भावाबरोबर, धर्माबरोबर, वैशाखऱ्याला गेली. त्याची बायको पारू तर इकडे वाशिंदला, निशीपाशी. धर्मा उजाडताच शेतावर जातो. फोनची रेंज अंगणाच्या एका कोपऱ्यात. तिथे हौसा येते, आणि समीक्षाने विचारायच्या आत "बरं हाय" म्हणून फोन ठेवून देते. थेंब दिवसातून चारदा घालायचे आहेत. धूर नको, डोक्यावर ओझं नको, डोळ्यात पाणी नको. यातलं ती काय पाळत असेल, देव जाणे.

तेव्हा समीक्षाचं तुमच्याकडे एक मागणं आहे. मुरबाडवरून माळशेजकडे निघालात, तर घाटाच्या अलीकडे वैशाखऱ्याला पाच मिनिटं थांबा. धर्माची बहीण हौसा कुठे राहते विचारा, कुणीही दाखवेल. चुलीपुढे बसलेली असली तर उठवा. कशी आहेस म्हणून विचारू नका, ती बरीच असते. थेंबांची बाटली मागून घ्या आणि किती उरलंय ते स्वतः बघा. मग खिशातून औषधाचं एखादं झाकण काढून तिच्या हातात द्या आणि म्हणा, रेघ कुठे आहे, बोटाने दाखव. बोट बरोबर रेघेवर टेकतं का, तेवढं नीट बघून या.