वजनकाट्याआधीचा सत्कार

सन दोन हजार चोवीसच्या डिसेंबरात हे घडलं. छोट्या गाड्यांच्या शर्यतमालिकेतली शेवटची शर्यत त्या वर्षी पहिल्यांदाच आमच्या छत्रपती संभाजीनगरला, पडेगावच्या पुढे माळावर बांधलेल्या ट्रॅकवर झाली.

मित्रांनो, मी एक जुनी गो-कार्ट आहे. मला ना दार, ना छप्पर, ना आरसा. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, चार बुटकी चाकं, सीटला खेटून इंजिन आणि उघडी साखळी, एवढाच माझा संसार. पहिली काही वर्षं मी पुण्याला एका हौशी मुलाकडे होते. त्याला नवी गाडी मिळाली आणि मला भिंतीकडेला ढकललं. साखळी गंजली, टायर चिरले. माणसांचा राग मला तेव्हा पहिल्यांदा आला. आता वाटतं, तो राग काहीच नव्हता.

मला तिथून राजेंद्रनं सोडवलं. पडेगावला त्याचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे. टेम्पोतून मला उतरवलं तेव्हा शेजारच्या चंपाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "राजेंद्रभाऊ, हे काय, चाकं लावलेली बाज आणली व्हय?"

"बाज नाय काकू, शर्यतीची गाडी हाय. आपल्या तनुजासाठी."

"पोरीसाठी? मंग तिला कणीक तिंबायला कवा शिकवणार?"

तनुजा तेव्हा नऊ वर्षांची होती. तिचे पाय पेडलला पुरत नव्हते. राजेंद्रनं पेडलला लाकडी ठोकळे बांधले. पुढे ती वाढली आणि ठोकळे निघाले.

माझ्यासारखीला चालवणं सोपं नाही, मित्रांनो. माझी मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवलेली. वळणावर आतलं चाक क्षणभर जमिनीवरून उचललं गेलं नाही, तर मी नुसती फरफटते. मोठी मोठी मुलं वळणात स्टिअरिंगशी मारामारी करायची. तनुजा वळणाच्या तोंडाशी एकदाच ठाम हात वळवायची, माझं चाक अलगद उठायचं, आणि मी पाण्यासारखी वाहत बाहेर यायचे. सीटच्या कडेनं तिच्या बरगड्या काळ्यानिळ्या व्हायच्या. तरी माझी साखळी पुसल्याशिवाय ती जेवायला बसायची नाही. एवढी माया मला कुणीच लावली नाही.

आम्ही चेन्नईला गेलो, कोइमतूरला गेलो. बरोबर फक्त बाप आणि लेक. गावातलं कुणी कधी आलं नाही. राजेंद्रचे थोरले चुलतभाऊ आप्पासाहेब तर गॅरेजमध्ये खुर्ची ओढून बसायचे आणि म्हणायचे, "राजा, पोर उन्हानं काळी पडली रे. उद्या पाहुणे आले तर काय दाखवशील, हेल्मेट?" बसलेले सगळे हसायचे. राजेंद्रही खाली मान घालून हसायचा. आप्पासाहेब घरात मोठे, शिवाय गावाचे पुढारी. त्यांना उलट बोलायची त्या घरात रीत नव्हती.

त्या डिसेंबरात तनुजा आणि पुण्याचा विश्वजीत गुणांत बरोबरीनं होते. शेवटची शर्यत जिंकेल त्याला दक्षिणेतला एक मोठा संघ वर्षभर आपल्याकडे घेणार होता. गाडी त्यांची, शिकवणारे त्यांचे. तनुजाला पंधरावं लागत होतं. लहान गट संपला होता आणि मोठ्या गटाचा खर्च राजेंद्रला झेपणारा नव्हता. म्हणजे जिंकली तरच तिची शर्यत पुढे चालू राहणार, नाहीतर इथेच थांबणार.

आता एक नियम नीट ऐका. गाडी आणि चालक मिळून ठरावीक वजन भरलंच पाहिजे. हलकी गाडी जास्त पळते, म्हणून. तनुजा किडकिडीत, त्यामुळे माझ्या सीटला शिशाच्या पट्ट्या बोल्टनं आवळलेल्या असायच्या. शर्यत संपली की चालकानं थेट वजनकाट्यावर जायचं. तोवर त्याला कुणी हात लावायचा नाही. लावला तर निकाल रद्द. काट्याच्या वाटेला दोन्ही बाजूंनी दोरी बांधलेली होती.

आम्ही जिंकलो, मित्रांनो. शेवटच्या फेरीत विश्वजीत आतल्या बाजूनं घुसला. तनुजानं त्याला घुसू दिलं, तो वेगात वळणाच्या बाहेरच्या कडेला फेकला गेला, आणि आम्ही त्याच्या आतून निघालो. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा झेंडा आमच्यासाठी हलला.

काटा अगदी समोर होता. आणि दोरीखालून वाकून आप्पासाहेब आत आले. मागे ढोल, मागे गुलाल, झेंडूचा हार घेतलेले दहा-बारा कार्यकर्ते. वाट अडली. तनुजानं ब्रेक दाबला.

"काका, नको! काटा! आधी काटा!" ती ओरडत होती. हेल्मेटच्या आतून कोण ऐकणार? एक कार्यकर्ता म्हणाला, "बघा, पोरगी आनंदानं रडायली!"

वजनकाट्यावरच्या अधिकारी मोनाली मॅडम धावत आल्या. "हात लावू नका! आधी वजन होऊ द्या!"

"मॅडम, वजन काय करता, पोरगी फुलावानी हाय!" असं म्हणत आप्पासाहेबांनी तिला बगलेत धरून माझ्यातून उचललं. खांद्यावर घेतलं. फोटो निघाले.

राजेंद्र दोरीशी उभा होता. त्याला नियम पाठ होता. तो म्हणाला, "दादा, जरा थांबा ना." हळू आवाजात म्हणाला. रोज गॅरेजात इंजिनाच्या आवाजावर ओरडून बोलणारा माणूस त्या क्षणी हळू बोलला. आप्पासाहेबांपेक्षाही मला त्याचा जास्त राग आला. अजून आहे.

निकाल रद्द झाला. "फूल घातल्यानं रद्द? कोण हाय वरचा? फोन लावा!" आप्पासाहेब गरजले.

मोनाली मॅडम म्हणाल्या, "काका, गर्दीत कुणी तिच्या खिशात शिसं सरकवलं तर मला कसं कळावं?"

"म्हंजे आम्ही चोर व्हय?"

"नाही हो काका. पण काट्याला माणूस ओळखता येत नाही."

नंतर राजेंद्रच्या हट्टासाठी आम्हाला काट्यावर चढवलं. वजन बरोबर भरलं. त्याचा उपयोग नव्हता. तनुजा हेल्मेट न काढता टायरांच्या ढिगावर बसून राहिली. गुलाल माझ्या साखळीत गेला होता. त्या दिवशी ती कुणी पुसली नाही.

पडेगावच्या चौकात संध्याकाळी फलक लागलाच. तो आदल्या दिवशीच छापून ठेवला होता. "पडेगावची सुवर्णकन्या." आप्पासाहेबांचा चेहरा हातभर मोठा, तनुजाचा कोपऱ्यात.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल तेव्हा कुणाचं तरी काम पाहाल. ते पुरं होईपर्यंत लांब उभे राहा. कौतुक करायची घाई करू नका. आणि थोर माणूस चुकत असेल तर मोठ्यानं सांगा. हळू सांगणं म्हणजे न सांगणंच.

विश्वजीत त्या संघात गेला. कुणी विचारलं तर तो अजून सांगतो, "त्या दिवशी मी दुसरा होतो." पोरगं सरळ आहे. मोनाली मॅडम काट्यावरच आहेत. आप्पासाहेब भाषणात "आम्ही घडवलेली खेळाडू" असं म्हणतात आणि टाळ्या घेतात. राजेंद्रचं गॅरेज चालतं. आप्पासाहेब आले की तो अजूनही उठून खुर्ची देतो. मला ट्रॅकवाल्यांना विकलं. वाढदिवसाला आलेली पोरं माझ्यात बसून चार फेऱ्या मारतात आणि मला कठड्यावर आपटतात.

तनुजा तंत्रनिकेतनात शिकते. शर्यत असली की ती त्याच ट्रॅकवर स्वयंसेवक म्हणून येते आणि काट्याच्या वाटेची दोरी धरून उभी राहते. "काका, मागं व्हा. ताई, फोटो नंतर." तिच्यासमोर कुणाची आत यायची हिंमत होत नाही. लोक म्हणतात, "लई कडक पोरगी हाय, चांगलं काम करती."

ते ऐकलं की माझं अंग तापतं. तिच्या पुढून गाड्या जातात, वळणावर चाकं फरफटतात, आणि जिला ती चाकं अलगद उचलता येत होती, ती पोर दोरी धरून उभी असते.