मनकर्णाबाईंच्या वाटेचा दावा

या, असे जवळ सरका. कीर्तनाच्या बुवांची गाडी अजून पांढुर्ण्यातच आहे म्हणतात, तोवर एक गोष्ट सांगतो. देवाची नाही, वकिलाची आहे. तरी ऐका.

आमच्या बोरगावच्या मनकर्णाबाई कीर्तनात बुवांच्या आधी रडतात, अशी बाई. त्यांचा संत्र्याचा बगीचा भगवंतरावांच्या वावरामागे आहे. बंडी, म्हणजे बैलगाडी, जायची ती भगवंतरावांच्या धुऱ्यावरून, वावराच्या बांधावरून, बाईंच्या आजेसासऱ्यांपासून. यंदा झाडं फळांनी पिवळी झाली आणि भगवंतरावांनी धुऱ्यावर काटेरी तार ओढली. पिकलं फळ झाडावर थांबणार किती? वीस दिवस, फार तर. वाट उघडली नाही तर सारा बहार मातीत.

मी बाईंना घेऊन सौंसरला वीरेंद्र वकिलाकडे गेलो. त्यानं कायदा शोधणारं नवं एआय घेतलं होतं.

"गुरुजी, पुस्तकं चाळायचे दिवस गेले. पाहा आता."

आमच्यासमोरच तो त्याच्याशी मराठीत बोलला, आणि चहा थंड व्हायच्या आत यंत्रानं कलमं दिली, हायकोर्टाचे तीन निकाल दिले, नावानंबरासकट.

बाई म्हणाल्या, "भाऊ, माये सासरे सांगत, हा रस्ता गावच्या जुन्या कागदात लिहेल हाय. तो पाहा नं एकदा."

"मावशी, जे आहे ते सारं याच्यात आहे. तुम्ही घरी जाऊन भजन करा."

तारखेला तहसीलदार मॅडमनी अर्ज उघडला, आणि त्यांची भुवई वर गेली.

"वकील साहब, ये कौन से राज्य का कानून लगा दिया?"

"जी?"

"ये महाराष्ट्र का है. हम मध्यप्रदेश में बैठे हैं."

मराठीत विचारलं, म्हणून यंत्रानं आम्हाला उचलून महाराष्ट्रात टाकलं होतं! मराठी बोलणारी माणसं मध्यप्रदेशातही पिढ्यान्‌पिढ्या नांदून राहिली, हे त्याला ठाऊक नाही. वीरेंद्र तर इथंच जन्मलेला. त्यानं सही करताना एकदा वाचलंही नव्हतं. मॅडमनी निकाल शोधले, तर एक ट्रकच्या अपघाताचा निघाला आणि दोन या जगात कुठंच नव्हते.

भगवंतराव मिशीत हसले. "काहून गुरुजी, आता कोन्या राज्यातून बंडी नेता?"

वीरेंद्रनं तिथल्या तिथं मोबाइल काढून यंत्राला टोकलं. मी त्याच्या खांद्यामागून वाचत होतो. 'क्षमस्व, आपलं म्हणणं बरोबर आहे,' असं लिहून यंत्रानं लगेच नवे तीन निकाल दिले. आणि हा माणूस ते मोठ्यानं वाचू लागला!

"बस कीजिए," मॅडम म्हणाल्या. "पुराने रिवाज का कोई कागज़ है? नहीं? पंद्रह दिन बाद आइए."

आमचे बुवा एखादा चरण विसरले तर हात जोडून म्हणतात, "मायबाप, आठवत नाही," आणि आम्हा टाळकऱ्यांना विचारतात. संतांच्या नावावर मनचा चरण गात नाहीत. इथं माफी मागायची आणि त्याच दमात पुन्हा खोटं बोलायचं! सडक्या फळाला तेल चोपडून वर मांडावं, तशी शिसारी आली मला. यंत्राला लाज नसते, समजू शकतो. वीरेंद्रला तर आई-बापानं वाढवलं होतं.

बाहेर चहाच्या टपरीवर रघुनाथराव भेटले, जुने पटवारी. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला आले होते. सारं ऐकून म्हणाले, "वाजिब-उल-अर्ज पाह्यला काय?"

"ते काय असते?"

"गावाच्या रूढीचं दफ्तर, बाप्पा. वाट कोनाची, पानी कोनाचं, चराई कुठं, सारं इंग्रजाच्या काळापासून लिहेल हाय. छिंदवाड्याले असन. मशीनमंधी कोन टाकन? ते अक्षरच कोनाले लागत नाही आता."

त्यांचे गुडघे दुखतात, डोळ्यांत मोतीबिंदू. तरी तीनदा छिंदवाड्याला आले, एकदा तर पूर्ण रस्ता बसमध्ये उभे. गठ्ठे सोडून, भिंगातून एकेक ओळ वाचून त्यांनी ती नोंद काढली, आणि शिक्क्याची नक्कल मिळेपर्यंत खिडकीसमोरून हलले नाहीत. बाईंनी पैसे विचारले तर रागावले.

पुढच्या तारखेला मॅडमनी नक्कल वाचली आणि तार काढायचा हुकूम दिला. आम्ही बंडी घेऊन बगीच्यात शिरलो, तेव्हा निम्म्याहून जास्त फळ खाली होतं. चाकाखाली पचपच आवाज, वर माश्यांचे थवे. तो आंबट वास अजून माझ्या नाकातून जात नाही. उरलेलं बाईंनी तोडून भरलं.

आणि त्याच संध्याकाळी वीरेंद्रनं मोबाइलवर हुकमाचा फोटो लावला. खाली लिहिलं, 'आणखी एका माउलीला न्याय. एआयच्या साथीनं.' मी टाळ वाजवणारा माणूस, कोणाला वाईट बोलू नये. पण अंगणात जाऊन थुंकलो.

हुकमावर वकिलाचं नाव आहे, फोटोखाली यंत्राचं. रघुनाथरावांचं कुठंच नाही. गुरुवारी नागपूरला त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. आज गजर सुरू झाला की एक नाम त्यांच्यासाठी घ्या. तेवढी आठवण ठेवा.