दोनदा लिहिलेले पान

ग्रंथपाल आन्सेल्म वेर्दुरे यांच्या लेकीचा, सेवरीनचा, बाप्तिस्मा झाला ते साल १८४७. त्याच आठवड्यात त्यांनी मला फडताळातून बाहेर काढले. मित्रांनो, मी वासराच्या कातड्याचे एक जुने पान आहे.

कातडे भिजवून, ताणून, घासून मला घडवले. एका ग्रीक लेखनिकाने माझ्यावर नाटक उतरवले. पुढे मठात कातड्याची टंचाई आली, तेव्हा साधूंनी नाटक खरवडले आणि वर लॅटिन प्रार्थना लिहिल्या. लोक प्रार्थनांपुढे हात जोडत. खालची अक्षरे मात्र मला स्वस्थ बसू देईनात. खरूज उठावी तशी ती आत वळवळत आणि मला तर वाचताही येत नव्हते.

आन्सेल्मना ती अक्षरे पुसटशी दिसली. हे नाटक जगात दुसरीकडे कुठेच नव्हते. पॅरिसच्या प्राध्यापकपदाची निवड ईस्टरनंतर होणार होती. त्याआधी नाटक छापले, तर पद त्यांचेच. तेव्हाचे पंडित अशा पानांवर मायफळाचा, म्हणजे ओकच्या झाडावर येणाऱ्या तुरट गाठींचा, काढा फासत. पुसलेली शाई थोडा वेळ उठून दिसे, मग पान कायमचे काळे पडे.

काढा तयार झाला. तेवढ्यात त्यांची पत्नी ओदिल दारात आली.

"अहो, सूप गार झालं! आता या कातड्यालाही बाप्तिस्मा देताय की काय?"

"एकदा फासलं की सगळं वाचता येईल, ओदिल. मग थेट पॅरिस!"

"आणि नंतर?"

"नंतर काळं पडेल."

"म्हणजे तुम्ही चुकीचं वाचलंत तरी तपासणार कोण? बरी युक्ती आहे!"

ते चिडले. त्यांनी कुंचला बुडवला आणि माझ्या कोपऱ्यावर फिरवला. अंगाची आग झाली. एक शब्द वर आला. त्यांनी तो मोठ्याने वाचला, "थांब!"

"बघा," ओदिल हसली, "कातडंसुद्धा माझ्याच बाजूनं बोलतं."

संध्याकाळपर्यंत तो कोपरा डांबरासारखा झाला. आन्सेल्मनी काढा मोरीत ओतला. पद दुसऱ्याला मिळाले.

मग ते रोज मला खिडकीत तिरप्या उन्हात धरत, एकेक अक्षर मोठ्याने लावत. त्यांच्याबरोबर मीही माझ्या म्हातारपणी अक्षरे शिकले. ढगाळ दिवशी ते खोलीत येरझारा घालत आणि मी आतल्या आत तळमळे.

मित्रांनो, जुन्या वस्तूला बोलते करायचे असेल तर तिला पोळू नका. उजेडात धरा आणि वाट पाहा. माझ्या कितीतरी ओळी अजून लागायच्या आहेत. आता सेवरीन मला खिडकीत धरते.

ग्रंथपाल आन्सेल्म वेर्दुरे १८७९ च्या मार्च महिन्यात वारले. त्या दिवशी आभाळ भरून आले होते.