दोनदा वजा केलेला दांडा

"अकराला मुलाखत, आणि हा कागद तू आत्ता आणतेस?" सरांनी चष्मा कपाळावर ढकलला.

"काल सापडली चूक. रात्रीपर्यंत फोन करत होते, तुम्ही उचलला नाहीत."

पाच वर्षं ती या प्रयोगशाळेत सहायक होती. विमानाच्या पंखाचा नमुना विंड टनेलमध्ये बसवायचा, वारा सोडायचा, वारा त्याला किती मागे रेटतो ते मोजायचं. नमुना ज्या दांड्यावर उभा असतो त्यालाही वारा रेटतोच, म्हणून नुसत्या दांड्याचा आकडा एकूणातून वजा करतात. ही वजाबाकी तिचा संगणक आपसूक करायचा. सरांनी ती आपल्या तक्त्यात हातानं पुन्हा एकदा केली होती. त्यामुळे रेटा खोटाच कमी दिसून त्यांचं नवं पंखाचं टोक भलतंच गुणी ठरलं. त्यावर शोधनिबंध छापला गेला, निबंधावर अनुदान आलं आणि अनुदानावर पीएचडीची एकुलती एक जागा. त्या जागेच्याच आशेवर तिनं इतकी वर्षं काढली होती.

"जागा तुझीच आहे," सरांनी आवाज उतरवला. "आधी रुजू हो. मग कर दुरुस्त्या. आज बोललीस तर जागाच राहणार नाही, कळतंय का?"

ती दार आपटून टनेलपाशी आली. फिटरकाका स्क्रू आवळत होते.

"काय ताई, आज तुम्हालाच आत बसवायचंय वाटतं?"

तिनं सगळं सांगितलं. काका गंभीर झाले. "गप्प राहा. देव सगळं बघतो, पण मुलाखत तो घेत नाही. आणि या टोकानं काय विमान पडणारे थोडंच?"

"नाही पडणार. पण मी मोजणारी आहे, काका! खोटं मोजायला या टनेलच्या आवाजात कान फोडून घेतले का मी?"

मुलाखतीला बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी पहिलाच प्रश्न टाकला, "या टोकानं रेटा इतका कसा घटतो?"

सर गोड हसले. "सांग, बाळ."

त्या 'बाळ'नं तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "घटत नाही, मॅडम. दांडा दोनदा वजा झालाय. वजाबाकी सरांची, पण न तपासता निबंधावर केलेली सही माझी."

"दमलीये ती," सर घाईनं म्हणाले.

"मग आपण बघूनच येऊ," बाई उठल्या.

काकांनी नमुना काढला. नुसत्या दांड्यावर वारा सुटला. संगणकानं दांडा वजा करून शून्य दाखवलं, जसं दाखवायला हवं तसं. तोच आकडा सरांच्या तक्त्यात घातला, तर तो शून्याच्याही खाली गेला.

"वा! म्हणजे वारा समोरून आला की तुमचा दांडा पुढं पळत सुटतो!" बाईंनी फाईल मिटली. "ही जागा आजपासून स्थगित."

सर तिच्याकडे न बघता निघून गेले. बाहेर दुसरी उमेदवार प्रमाणपत्रं छातीशी धरून बसली होती. तिला हीच बातमी सांगावी लागली.

"एक दिवस थांबता आलं नसतं तुम्हाला? मी नोकरी सोडून आलेय!"

आपण चुकलो नाही, हे पक्कं ठाऊक होतं. तरी रागानं डोळे भरले: सरांवर, आपल्या त्या सहीवर, या पोरीचंही म्हणणं खरं असण्यावर.

"माफ करा," ती शेवटी म्हणाली. मग आत वळून ओरडली, "काका, नमुना चढवा. खरा आकडा आजच काढायचाय."

"आता कुणासाठी, ताई?"

"चढवा म्हणते ना!"